शालीविना श्रीफळ

नोकरीवरून काढण्याला मराठीत ‘नारळ देणं’ म्हणतात. सत्कारात मिळतो तोही नारळच, फक्त सोबत शाल असते. शालीविना मिळणारं हे श्रीफळ कसं स्वीकारावं याचा मात्र एकही क्लास नाशकात नाही. कॉलेज रोडला बाकी सगळ्याचे क्लास आहेत. त्यामुळे मोबाइल गेमच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या, करू पाहणाऱ्या, किंवा तशी नोकरी असलेलं स्थळ मुलीसाठी बघणाऱ्या नाशिककरांसाठी हा प्रपंच.

कंपनीची कोणाशी भागीदारी जाहीर झाली की त्याच दिवशी पेढे वाटा. माझ्या बहिणीने वाटले होते. भाचा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून पुण्यातल्या एका गेम कंपनीचं काम करायचा, आणि त्या कंपनीने कन्सोल बनवणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीशी हातमिळवणी केली होती. “कन्सोल म्हणजे काय रे?” “टीव्हीला जोडतात ते यंत्र, आई.” “मग सेट टॉप बॉक्स म्हण की सरळ!” एवढ्या समजुतीवर सोसायटीत एक किलो पेढे फिरले. नऊ महिन्यांनी भाच्याला नारळ मिळाला, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “पण मग तेव्हाचे पेढे कशाचे होते?” तर पेढे वाटा, फक्त कारण सांगू नका. सत्यनारायण होता म्हणावं. सत्यनारायण कोणी मागे घेत नाही.

या भागीदाऱ्या कशा होतात ते समजून घ्यायला मॅनेजमेंटची पदवी लागत नाही. आपल्या आज्यांना ठाऊक असलेलं साटंलोटं आठवलं की झालं. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. १७ मार्च २०१५ रोजी कन्सोल बनवणाऱ्या जपानच्या निन्टेंडोने आणि डी-एन-ए या मोबाइल गेमवाल्या कंपनीने असंच साटंलोटं केलं. दोघांनी एकमेकांचे साधारण २२ अब्ज येनचे शेअर घेतले. रक्कम दोन्हीकडून सारखी, पण तेवढ्यात निन्टेंडोला डी-एन-एचा १० टक्के हिस्सा मिळाला आणि डी-एन-एला निन्टेंडोचा १.२४ टक्के. एका व्याह्याच्या हाती वाड्याची अख्खी माडी आली, दुसऱ्याला ओसरीवरचा कोनाडा. तरी दोन्ही अध्यक्षांनी हस्तांदोलन केलं, डी-एन-एच्या शेअरचा भाव उसळला आणि सगळे म्हणाले, आता निन्टेंडोच्या गेममधला मारियो मोबाइलवर येणार.

आलाही. फक्त त्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, डी-एन-एने अमेरिकेतलं दुकान आवरायला घेतलं. हे दुकान मोठं झालं होतं ते एनजीमोको नावाची सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी घेऊन. २०१० साली तिच्यासाठी ४० कोटी डॉलरपर्यंत मोजायचं ठरलं होतं. डिसेंबरात ‘सुपर मारियो रन’ आयफोनवर धावू लागला, तोवर तिकडच्यांची निरवानिरव झालेली. वरात मांडवात पोचायच्या आत आचाऱ्यांना घरी धाडावं तसं. जाणकार लगेच म्हणतील, मारियो जपानच्या मुदपाकखान्यात शिजला, अमेरिकेतल्या आचाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? अगदी बरोबर. लग्न दोन कंपन्यांचं लागतं, आचाऱ्याला आहेराच्या यादीत धरत नाहीत.

आता प्रश्न असा, की पाणी चढतंय हे ओळखायचं कसं? इथे नाशिककर जन्मजात हुशार. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण आकडे विचारत नाही, गोदावरीच्या पात्रातल्या मूर्तीवरून पूर मोजतो; “दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?” एवढंच विचारतो. ऑफिसातही एक दुतोंड्या मारुती नेमून ठेवा. कॉफीच्या यंत्रातल्या बिया जाऊन पावडर आली, म्हणजे घोट्यापर्यंत. नवी भरती ‘तूर्तास’ थांबली, म्हणजे गुडघ्यापर्यंत. कोणी पाहुणा सल्लागार येऊन “तुम्ही दिवसभरात नेमकं काय करता?” असं गोड आवाजात विचारू लागला, की कमरेला लागलं समजा. आणि मोठ्या साहेबांच्या मेलची सुरुवात ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ अशी झाली, तर पाणी गळ्याशी आहे, सामान माळ्यावर टाका. कुटुंबात हे वाक्य कोणी कधी बोललंय का? वाटणीच्या दिवशी सोडून?

माझ्या भाच्याने घोटा पाहिला, गुडघा पाहिला आणि कामाला लागला. त्याचं काम होतं रिटेन्शन. म्हणजे गेम उतरवून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला पाहिजे, सातव्या दिवशीही आला पाहिजे, महिन्यानेही आला पाहिजे. त्यासाठी रोज हजेरीचं बक्षीस, सातव्या दिवशी मोठी पेटी. माणसं टिकवून धरण्यात तो इतका तरबेज होता की त्याच्या टीमचे आकडे प्रत्येक मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवत. त्या पूर्ण टीमला एकाच सकाळी काढलं.

हा धंदा कशावर चालतो हेही स्थळ बघणाऱ्यांनी ऐकून ठेवावं. मोबाइल गेम बहुतेक लोक फुकट खेळतात. पैसे भरणारे मूठभर, आणि त्यातले खोऱ्याने भरणारे चिमूटभर. या चिमूटभरांना धंद्यात व्हेल, म्हणजे देवमासा म्हणतात. जत्रेत चिठ्ठी उचलायचा खेळ असतो ना, दहा रुपयांत कधी कंगवा निघतो आणि घड्याळ मात्र शेजारच्यालाच लागतं, तसल्याच खेळाला जपानीत गाचा म्हणतात. देवमासे गाचावर पोसले जातात आणि कंपन्या देवमाशांवर. निन्टेंडोने मारियोच्या बाबतीत सरळपणा करून पाहिला. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचा सगळा गेम एकदाच ९.९९ डॉलर भरून. पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण अपेक्षेइतकं नव्हतं, असं मग त्यांच्याच अध्यक्षांना सांगावं लागलं. चिठ्ठ्यांचा खेळ असलेला त्यांचाच ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ मात्र जोरात चालला. तर पगार कुठून येतो असं व्याह्यांनी विचारलं, तर खरं सांगावं, “देवमाशाकडून.” दूर कुठल्याशा शहरात एका देवमाशाचं लग्न ठरतं, होणारी बायको क्रेडिट कार्डाचं बिल बघते, आणि इकडे इंदिरानगरात गृहकर्जाचा हप्ता थकतो.

नारळ स्वीकारण्याचा विधी साधा आहे. सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची एक मीटिंग उगवते. नाव असतं ‘क्विक कनेक्ट’. अशा मीटिंगला कधीही उपाशीपोटी बसू नका. भाचा मिसळ पुढ्यात घेऊन बसला होता, कॅमेरा बंद. समोर एचआरच्या बाई, त्यांच्या बाजूला एक गृहस्थ, जे पूर्ण वेळ बोलले नाहीत. (हे बहुतेक वकील असतात. नमस्कार करून ठेवावा.) बाईंनी कागदावरून वाचलं. “हा निर्णय तुमच्या कामगिरीशी संबंधित नाही.” त्याने तर्री ओतून घेतली. “तुम्ही आजच्या आज स्वेच्छेने राजीनामा दिलात, तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल.” पाव मागवला. मीटिंग अकराव्या मिनिटाला संपली आणि उरलेली चार मिनिटं त्याला मेल उघडून बघायला मिळाली. मेल उघडत नव्हता.

इथे मला एक गोष्ट मनापासून आवडते. गेम बंद करायचा असला की कंपन्या खेळणाऱ्यांशी फार सभ्यपणे वागतात. निन्टेंडो आणि डी-एन-एच्या जोडीचं पहिलं अपत्य मीटोमो. ते बंद होणार हे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालं आणि झालं ९ मे रोजी. ‘ॲनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्प’च्या बाबतीत ऑगस्ट २०२४ मध्ये सूचना, नोव्हेंबरात सर्व्हर बंद. वर, ज्यांना त्या गेममधल्या खुर्च्या-टेबलांचा लळा लागला होता त्यांच्यासाठी इंटरनेटविना चालणारी वेगळी आवृत्तीही काढली. खेळणाऱ्याला तीन महिने, बनवणाऱ्याला पंधरा मिनिटं. म्हणून माझा सल्ला असा, की आपल्याच कंपनीच्या गेममध्ये एक खातं उघडून ठेवा. बातमी तरी वेळेवर कळेल.

‘स्वेच्छेने’ या शब्दापाशी थोडं थांबतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यातून कोणाला काढलं तर गेट असतं. गेटवर लाल बावटा लागतो, सभा होते, कोणीतरी घसा फाटेस्तोवर बोलतं, चहाचा टपरीवाला उधारी वाढवून देतो. कधी जिंकतात, बरेचदा नाही. पण उन्हात उभी राहिलेली माणसं एकमेकांना दिसतात. भाच्याच्या टीममध्ये तेवीस जण होते. कोणी पुण्यात, कोणी इंदूरला, एक जण सिक्कीममध्ये. गेट नाही, तर गेटसभा घ्यायची कुठे? त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘गेम ओव्हर’. पहिल्या दिवशी चारशे मेसेज, चौथ्या दिवशी एक, आणि तोही सिक्कीमवाल्याचा, ‘शुभ सकाळ’चा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. भाच्याची चार वर्षं आणि पाच महिने झाले होते. योगायोगावर माझा फार विश्वास आहे, तुम्हीही ठेवा. रक्तदाब ताब्यात राहतो.

व्यवस्थापनातल्या वाचकांसाठीही एक सूचना आहे. सातोरू इवाता हे नाव कर्मचाऱ्यांपुढे चुकूनही काढू नका. हे गृहस्थ निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष. वर सांगितलेलं साटंलोटं यांनीच जुळवलं आणि त्याच वर्षी, २०१५ च्या जुलैत, ते वारले. कन्सोल खपेना तेव्हा, २०१४ च्या सुरुवातीला, त्यांनी पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला, आणि इतर संचालकांच्या पगारालाही कात्री लावली. त्याआधी भागधारकांनी टोकलं, तेव्हा म्हणाले होते की नोकरी जाईल या धास्तीत बसलेल्या माणसाकडून जगाला भुरळ घालणारा गेम होत नाही. किती अव्यवहार्य विचार! सुदैवाने २०१४ मध्येच कंपनीने जर्मनीतलं मोठं कार्यालय आवरताना माणसं कमी केलीच, म्हणून संतपदाची पंचाईत टळली. तरीही ही कथा एखाद्या ज्युनियरच्या हाती लागू देऊ नका. तो मीटिंगमध्ये हात वर करून विचारेल, “सर, तुमचा पगार?”

नारळ मिळाल्यावर नातेवाईक येतात. त्यांना येऊ द्या. थोरले काका सांगतील, दोन एकर द्राक्षं लाव. हे काका स्वतः ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले असतात आणि द्राक्षं भाजीबाजारातून आणतात. निफाडचे आमचे व्याही त्या दिवशी तिथेच होते. ते म्हणाले, “डिसेंबर २०२३ ला एका रात्रीत कांद्याची निर्यातबंदी झाली. आम्हाला तर कोणी कॉलवर पण नाही घेतलं.” त्यावर सगळे गप्प. मग आत्या म्हणाली की २०२७ चा सिंहस्थ येतोय, त्याचं ॲप बनव. सिंहस्थाचं ॲप बनवणारे बेकार इंजिनियर नाशकात आताच इतके आहेत, की त्यांच्याच शाहीस्नानासाठी वेगळा घाट लागेल.

सगळ्यात रोकडा सल्ला दिला बहिणीने. भाच्याच्या टेबलावर मारियोचा छोटा पुतळा होता, भागीदारीच्या वेळी सगळ्यांना वाटलेला. तो उचलून तिने विचारलं, “हा करतो काय रे नेमकं?” “प्लंबर आहे तो, आई.” ती बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे गळत होता आणि आमचा प्लंबर रोज ‘उद्या येतो’ म्हणत होता. कामाला ना नाही, येणंही नाही, फोन मात्र कायम व्यग्र. “म्हणजे तुमच्या अख्ख्या कंपनीत,” ती म्हणाली, “ज्याला हातचं काम होतं तो हा एकटाच. आणि त्याला नाही काढलं.”

राहता राहिला लॅपटॉप. तो सात दिवसांच्या आत परत करावा, नाहीतर हिशेबातून रक्कम कापली जाईल, असं पत्र भाच्याच्या खाजगी मेलवर आलं. तो खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून तयार. कुरियरवाला पाचव्या दिवशी आला, खोकं उचललं आणि म्हणाला, “ओटीपी सांगा.” ओटीपी कंपनीच्या मेलवर गेला होता. कंपनीचा मेल बंद. एचआरच्या बाईंना फोन लावला, तर त्या बाईही त्या आठवड्यात गेलेल्या, स्वेच्छेने. कुरियरवाला दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा नुसता पाणी प्यायला आला. खोकं अजून देवघराखाली आहे. दसऱ्याला बहिणीने त्याच्यावर झेंडूची दोन फुलं ठेवली आणि हळदी-कुंकू लावलं, आणि पुढ्यात नारळ ठेवावा की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली.