गोळी बंद केलीत, त्याबद्दल: तासगावच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

एलडीएलवरच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. लॅबवाल्यांचा आणि औषध कंपन्यांचा धंदा चालावा म्हणून ही भीती घातली जाते, असं तुमचं म्हणणं. आजोबा तूप-लोणी खाऊन ९२ वर्षं जगले. अमेरिकेनेच २०१५ मध्ये कोलेस्टेरॉलला मोकळीक दिली. आणि मिरजेत हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवल्यावर सुरू झालेली स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, रिपोर्ट नॉर्मल आला आणि पाय दुखायचे म्हणून तुम्ही स्वतःच बंद केलीत. बाकीचं नंतर बघू. गोळीचं वाचून मला काळजी वाटली, म्हणून आधी तेच.

आकडे तुम्हीच दिलेत: टोटल कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. टोटलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४२, वजा करा. उरले १०२. हा तुमचा एलडीएल, आणि धमनीच्या भिंतीत शिरून साचतो तो हाच. टोटल २०० च्या आत असल्यामुळे तुम्हाला सगळं ठीक वाटलं. पण छापील मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. ज्याला स्टेंट बसलाय त्याचा एलडीएल ५५ च्या खाली हवा, असं आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञही सांगतात. तुमचा जवळजवळ दुप्पट आहे, आणि तोही गोळी चालू असतानाचा! गोळी सोडल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा पहिल्या आकड्याकडे जातो.

'मला काही त्रास नाही' असंही तुम्ही लिहिलंय. मी सांगलीत विश्रामबागला लॅबमध्ये काम करते, तिथे रोज दिसतं ते सांगते. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेल्या माणसाच्या रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून) काढली की वर सुटलेलं पाणी, म्हणजे सीरम, दुधाळ दिसतं, लांबूनही ओळखू येतं. एलडीएल १९० असलेल्याचं सीरम मात्र पिवळसर, नितळ, अगदी निरोगी माणसासारखं. मशीनवर लावेपर्यंत मलाही कळत नाही. शरीरालाही ते जाणवत नाही, म्हणून त्रास नसणं हा पुरावा धरू नका.

आता पायांचं. दुखणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. तरी थोड्या लोकांच्या स्नायूंना खरोखर इजा होते. रक्तातलं सीपीके, म्हणजे इजा झालेल्या स्नायूंतून बाहेर पडणारं एन्झाइम, तपासलं की ते कळतं, आणि मग डॉक्टर मात्रा कमी करतात, गोळी बदलतात किंवा इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारं दुसरं औषध जोडतात. स्टॅटिनने रक्तातली साखर थोडी वाढू शकते हेही खरं. पण त्यापुढे फायदा केवढा ते बघा. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्यांना सिमवास्टॅटिन हे स्टॅटिन, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. पाचेक वर्षांत बिनऔषधाच्या गोळीवाले २५६ जण गेले, औषधवाले १८२. तुमच्यासारख्याच, आधी हृदयाचं दुखणं झालेल्या माणसांचे हे आकडे आहेत.

अमेरिकेने २०१५ मध्ये काढली ती आहारातल्या कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. संपृक्त चरबी १० टक्के उष्मांकांच्या आत ठेवा, हे त्यांच्या त्याच आहार-मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. रक्तातलं एलडीएल वाढलं तरी चालेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आजोबांबद्दल वाचून बरं वाटलं. पण त्यांच्याच पिढीतले जे पन्नाशीत गेले, त्यांची आठवण निघते ती 'छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेला' एवढीच. ते काय खायचे, हे कुणी सांगत बसत नाही. आणि तूप पूर्ण बंद करा असं मी लिहिलेलंच नव्हतं. पोळीला लावलेल्या चमचाभर तुपाइतकंच चहातल्या साखरेकडे, ताटातल्या भाताच्या ढिगाकडे आणि संध्याकाळच्या फरसाणाकडे बघा. ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३४ ही जोडी आपल्या लोकांत फार दिसते आणि तिच्यामागे बरेचदा हेच असतं, शिवाय न चालणं. तंबाखू खात असाल तर ती आधी सोडा.

या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना भेटा. गोळी कधीपासून बंद आहे आणि पाय कुठे दुखतात, दोन्ही स्पष्ट सांगा. आणखी एक. स्टेंट बसला तेव्हा तुम्ही ५२ वर्षांचे होता, आणि मुलगा आता २८ चा आहे म्हणता. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाचा धोका वाढतो. त्याचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची ही सगळी तपासणी) करून घ्या, आणि लायपोप्रोटीन-ए या, बहुतांशी आनुवंशिक असलेल्या कोलेस्टेरॉल-कणाची तपासणीही. ती आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते. ती आमच्याकडेच करावी असं अजिबात नाही, तासगावात घराजवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं तरी चालेल.