चित्र सुधारलं ते कॉम्प्रेशनमुळे

डिजिटल टीव्हीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘सिग्नल डिजिटल झाला म्हणून टीव्हीचं चित्र सुधारलं’ हे विधान फार अपुरं आहे. नुसतं डिजिटल केलं तर काम उलट अवघड होतं. स्टुडिओतला एचडी सिग्नल सेकंदाला 1.485 गिगाबिटचा, आणि डीव्हीबी-टी या अँटेनावरून डिजिटल टीव्ही पाठवायच्या पद्धतीत 8 मेगाहर्ट्‌झच्या चॅनलवर जेमतेम 31 मेगाबिट मावतात. हा मेळ घातला कॉम्प्रेशननं, म्हणजे चित्राचा डेटा आटवायच्या इमेज प्रोसेसिंगमधल्या संशोधनानं, आणि त्याचा लेखात उल्लेखच नाही!

नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी 1974 साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे चित्रातले चढउतार वेगळे काढायचं गणिती तंत्र मांडलं. त्याआधी अहमद यांनी याच कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो नाकारला गेला. तरी त्यांनी काम सोडलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे जेपेग (फोटोंसाठी) आणि एमपेग-2 (व्हिडिओसाठी) ही कॉम्प्रेशनची मानकं त्यावरच उभी राहिली. चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातले ठळक आणि बारीक चढउतार वेगळे काढायचे, आणि डोळ्याला जाणवत नाहीत ते बारीक तपशील सोडून द्यायचे. मॅचमध्ये कॅमेरा झपकन फिरला किंवा उसळतं पाणी दाखवलं की पडद्यावर चौकटी उमटतात ना, ते बहुधा हेच चौकोन. बिटरेट (सेकंदाला मिळणारे बिट) अपुरा पडला की एन्कोडरला, म्हणजे चित्र कॉम्प्रेस करणाऱ्या यंत्रणेला, जास्त तपशील टाकून द्यावा लागतो आणि कडा उघड्या पडतात.

एरर करेक्शनचंही (वाटेत बिघडलेला डेटा दुरुस्त करण्याचंही) तसंच. 188 बाइटच्या पॅकेटला 16 बाइट जोडून 8 बाइटपर्यंतच्या चुका दुरुस्त होतात. यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.