दह्याने कूस उजवते? इंदूरच्या गटांत फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

इंदूरच्या मराठी महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. मूळ हिंदी, मराठी कुणीतरी घाईघाईत केलेलं. त्याचं म्हणणं असं : अंगावरून पांढरं जाणं, पीसीओएस (संप्रेरकांच्या गडबडीचा, बीजकोशांवर परिणाम करणारा आजार), दिवस न राहणं, सगळ्यांचं मूळ एकच, ‘खराब बॅक्टेरिया’. उपाय : रोज कडुनिंबाच्या पाण्याने आतून धुवा, अनशापोटी दोन वाट्या दही खा, थोडं आत लावा. तीन महिन्यांत कूस उजवेल, डॉक्टर नकोत.

यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो पटतो. योनीमार्गात जंतूंची वस्ती असते, हे डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ सालीच दाखवलं. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे तिथल्या पेशींत साखरेचा साठा होतो. लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू त्यावर जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राखतात. ही आंबट वस्ती बाकीच्या जंतूंना थारा देत नाही.

मग ‘आतून धुवा’ कशासाठी? धुण्याने आधी हीच वस्ती वाहून जाते. आतून धुणाऱ्या बायकांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे चांगले जंतू घटून बाकीचे माजण्याचा आजार, जास्त आढळतो : पातळ, करडसर स्राव आणि मासळीसारखा वास. वास येतो म्हणून बाई आणखी धुते, आणि चक्र सुरूच. बाहेरून साधं पाणी पुरतं.

दह्यावर माझा राग नाही, सराफा बाजारातला दहीवडा मीही सोडत नाही. पण विरजणातले जंतू दुधात रमणारे. योनीत पहारा देणारा मुख्य जंतू लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस, तो दह्यात नसतो. या जंतूचीच शुद्ध पावडर करून अमेरिकेत चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. आधी मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध, मग ही पावडर योनीत. बारा आठवड्यांत व्हजायनोसिस पुन्हा झाला ३० टक्के बायकांत. मेट्रोनिडाझोलनंतर जंतूंविना नुसती पूड दिलेल्यांत ४५ टक्के. फायदा खरा, पण नेमका जंतू वापरूनही एवढाच. मग स्वयंपाकघरातलं दही आत लावून काय होणार? शिवाय दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर ती बहुधा बुरशी. तिचं औषध वेगळं, आणि ती पीएच ठीक असतानाही होते.

पीसीओएसमध्ये आतड्यातले जंतू बदललेले दिसतात खरे, पण त्यामुळे आजार होतो की आजारामुळे ते बदलतात, हे ठरलेलं नाही. अनशापोटीच्या दोन वाट्या तिथे कामाच्या आहेत, असं सिद्ध झालेलं नाही.

मला खरी भीती त्या ‘तीन महिन्यां’ची वाटते. आपल्या देशात बीजवाहिन्या बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे मोठं कारण आहे, क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा संसर्गही आहे. दोन्ही कधी कधी काहीच त्रास न देता आत नासधूस करतात. दही खात थांबलेल्या बाईची तपासणी तेवढी लांबते. वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत की डॉक्टर गाठायचे असतात, आणि हा संदेश त्यातले निम्मे दह्यावर घालवतो.

आणि नवरा? संदेशात त्याचं नावही नाही. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, वीर्यतपासणी साधी नि स्वस्त. व्हजायनोसिसचंही तसंच. २०२५ मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फक्त बाईवर उपचार केले तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्क्यांना तो पुन्हा झाला. जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं, तेव्हा ३५ टक्क्यांना.