‘नचिकेत’ नाशिकचा नव्हे

नाशिककरांच्या व्हॉट्सॲप गटांत, विशेषतः घरात बारसे ठरले की, एक मजकूर हमखास फिरतो. त्याचे म्हणणे असे, की ‘नचिकेत’ हे मुळात ‘नासिकेत’, म्हणजे नासिक्य नगरीत जन्मलेला. त्याचा अर्थ ‘अग्नी’. आणि बापाने यमाला देऊन टाकलेल्या मुलाचे नाव असल्यामुळे ते ठेवू नये.

पहिले विधान आपल्या गावाभिमानाला सुखावणारे असले तरी कालक्रम उलटा करणारे आहे. या मुलाची कथा सांगणाऱ्या तैत्तिरीय ब्राह्मण आणि कठोपनिषद या वैदिक ग्रंथांत नाव ‘नचिकेतस्’ असेच येते आणि कठोपनिषदातील कथा कोणत्या गावी घडली याचा त्यात उल्लेखही नाही. ‘नासिकेत’ हे रूप बरेच नंतरच्या आख्यानातले, जे सदल मिश्र यांनी १८०३ मध्ये हिंदी गद्यात आणले. त्यात हा मुलगा आई चंद्रावतीच्या नाकातून जन्मतो. म्हणजे तिथेही संबंध जोडला आहे तो नाकाशी, नगराशी नव्हे. नाशिकचा माणूस या अर्थाचा जुना शब्दच हवा असेल तर तो पांडवलेण्यांतील १९ क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे: सातवाहन राजा कण्ह याच्या काळात ते लेणे करविणाऱ्या महामात्राला, म्हणजे अधिकाऱ्याला, तेथील प्राकृत लेखात ‘नासिकक’ म्हटले आहे. ‘नासिकेत’ नव्हे.

‘अग्नी’ या अर्थात तथ्याचा अंश आहे, पण कार्यकारण उफराटे झाले आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला तीन वर देतो; दुसऱ्या वराच्या वेळी तो स्वर्ग्य, म्हणजे स्वर्गाला नेणाऱ्या, अग्नीची विद्या शिकवतो आणि प्रसन्न होऊन ‘तवैव नाम्ना भविताऽयमग्निः’ असे म्हणतो. मुलाचे नाव अग्नीला मिळाले, अग्नीचे मुलाला नव्हे. नावाची फोड बहुधा ‘न चिकेत’ अशी, म्हणजे ‘जाणत नाही’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ५१व्या सूक्तात हेच शब्द येतात, आणि गंमत अशी की ते खुद्द अग्नीच्याच तोंडी आहेत: देवांना हवी पोहोचवण्याच्या कामाला भिऊन पाण्यात दडलेला अग्नी वरुणाला सांगतो, ‘एतमर्थं न चिकेताहमग्निः’. ‘न जाणणारा’ हा अर्थ ऐकून काही आईवडील हिरमुसतात; वास्तविक प्रश्न विचारून मृत्यूलाही अडवणाऱ्या मुलाला याहून समर्पक नाव सापडणे कठीण.

राहिला अशुभाचा मुद्दा. पाणी पिणे आणि गवत खाणे संपलेल्या, दूध आटलेल्या गायी वडील दान करताहेत हे पाहून मुलगा ‘मला कोणाला देणार?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि वैतागलेला बाप ‘मृत्यूला’ म्हणतो, इतके खरे. पण यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिल्याबद्दल जे तीन वर मिळतात, त्यांतला पहिलाच असा, की तू सोडल्यावर मी परतेन तेव्हा वडिलांनी राग विसरून मला ओळखावे आणि माझ्याशी बोलावे. यम तो तत्काळ देतो. हे सारे कठोपनिषदाच्या पहिल्याच वल्लीत, म्हणजे प्रकरणात, आहे आणि ती अवघ्या २९ मंत्रांची आहे. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढीही पुरी वाचलेली दिसत नाही.