पाण्याकाठच्या घराविषयीच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

पाणी समोर असूनही बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे भिंतभर काच नाही, झोपण्याच्या खोल्या लहान आहेत आणि डेक तीन पायऱ्या खाली असल्याने आता कायमच्या राहायला आलेल्या ज्येष्ठांना तिथे जाता येत नाही, असे आपण लिहिले आहे. त्या घरात रोज आपण राहता, म्हणून प्रत्येक निर्णयामागचे कारण आपल्याला कळायला हवे.

पश्चिमेच्या काचेबद्दल माझे मत आजही ठाम आहे. दुपारचा उंच सूर्य छज्जाने अडवता येतो. मावळतीकडे झुकलेला सूर्य मात्र छज्जाखालून थेट आत येतो, आणि समोर पाणी असेल तर एकदा आकाशातून व एकदा पाण्यावरून असा दोनदा येतो. सूर्य माथ्यावर असताना शांत पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित करते, पण तो क्षितिजापासून १० अंशांवर उतरला की हेच प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. उष्णता रोखणारी काच बसवली तरी डोळे दिपायचे पुरते थांबत नाही, त्यामुळे भिंतभर काचेला शेवटी पडदे लागतात आणि घरातली सगळी माणसे संध्याकाळी एकत्र बसतात नेमके तेव्हाच ते ओढून घ्यावे लागतात. म्हणून आम्ही तीन उंच, अरुंद खिडक्या भिंतीत खोलवर घेतल्या, बाहेरून उभ्या लाकडी पट्ट्या लावल्या आणि सकाळचा उजेड पूर्वेच्या अंगणातून आणला. जेवणाच्या टेबलाशी कोणत्याही खुर्चीवर बसले तरी एका तरी खिडकीतून पाणी दिसते. तेवढ्यासाठी खिडक्यांच्या जागा आराखड्यात अनेकदा सरकवल्या होत्या.

झोपण्याच्या खोल्यांतून वाचवलेली जागा बैठकीला आणि तिच्या कडेच्या, कमी उंचीच्या छताच्या वाचनकोपऱ्याला दिली आहे. एकत्र राहणाऱ्या घरात सर्वांमध्ये असूनही एकट्याला शांत बसता येईल अशी जागा मला मोठ्या बेडरूमपेक्षा मोलाची वाटते.

आता पायऱ्या. खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटर उंचीवर असते आणि डेकचा कठडा १.०५ मीटर उंच आहे. बैठकीची खोली आणि डेक एकाच पातळीवर असते, तर बसल्या जागेवरून काठाजवळचे बहुतेक पाणी कठड्याआड गेले असते. काचेच्या कठड्यावर शिंतोडे वाळून डाग पडतात, म्हणून तो पर्याय आम्ही घेतला नाही. डेक ४५ सेंटिमीटर खाली नेल्यामुळे नजर कठड्यावरून मोकळी जाते. ज्येष्ठांसाठी मात्र आता रॅम्प हवाच. १:१२ च्या उताराने, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी धरून, त्याला ५.४ मीटर लांबी लागेल आणि उत्तरेच्या भिंतीलगत तेवढी जागा आहे. पायऱ्या तशाच ठेवून बाजूच्या दारातून हा रॅम्प काढता येईल. त्याचा आराखडा आम्ही कोणतेही शुल्क न घेता करून देऊ. ज्येष्ठ मंडळी घरी असतील अशी वेळ आपण कळवावी, म्हणजे हातकठड्याची उंची त्यांना विचारूनच ठरवता येईल.