कोयनेचा भूकंप पंचांग बघून येत नाही

पाटणजवळ राहणारी माझी आत्या परवा नातवाला गोधडीत गुंडाळून रात्रभर अंगणात बसली. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: येत्या अमावास्येला सह्याद्रीत मोठा भूकंप होणार, ‘नासा’ने तारीख दिलीय, कोयना, किल्लारी, भूज तिन्ही भूकंप अमावास्येलाच झाले, आपला कातळ अखंड, धरणाआधी इथे जमीन कधी हललीच नव्हती, आणि आता धरण फुटून कराड-सांगली वाहून जाणार. आत्याला फोनवर समजावून झालं, पण मेसेज अजून फिरतोच आहे.

आधी ती अमावास्या. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे चारच्या सुमाराचा. आदल्या रात्री काय होतं, ते लातूरकडच्या कुणालाही विचारा. गणपती विसर्जन! अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या कुठल्या पंचांगात येते? ती पौर्णिमा होती. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, तोही शुक्ल पक्षात; अमावास्या होऊन आठवडा उलटला होता. राहिला भूज. २६ जानेवारी २००१ च्या दोन दिवस आधी मौनी अमावास्या होती, हे मान्य. म्हणजे तिनांतला एक, तोही दोन दिवस उशिरा. भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघायचेही कष्ट मेसेज लिहिणाऱ्याने घेतलेले नाहीत.

तारखेचं म्हणाल, तर अमेरिकेत भूकंपांची नोंद ठेवणारं खातं नासा नव्हे, तिथलं भूगर्भ सर्वेक्षण. ते स्वच्छ सांगतं की मोठ्या भूकंपाचं भाकीत आजवर ना त्यांनी केलं, ना जगातल्या दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञाने. किल्लारीत तर १९९२ च्या ऑक्टोबरात धक्के बसलेही होते, लोक घाबरलेही होते. मोठा भूकंप आला त्यानंतर जवळपास वर्षाने. तोवर काय सगळ्यांनी अंगणातच झोपायचं होतं? तिथे आठ-दहा हजार माणसं गेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचा भार. भिंती पक्क्या करून घ्या, छप्पर हलकं करा, असं सांगणारा मेसेज मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

अखंड कातळाबद्दल थोडक्यात. कोयना परिसरात अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा काळा पाषाण साधारण सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागले. भूकंप होतात ते त्याच्याही खाली, भेगाळलेल्या खडकात. वरचा कातळ त्यांना काय अडवणार?

धरणाचं मात्र निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्याच्या जोरावरच बाकीचं खपतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर त्या भागात धक्के वाढले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी दशकानुदशकं हेच अभ्यासलं. जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. पण खडकातला ताण धरणाने आणलेला नाही. तो आधीपासून होता. पाण्याचा भार आणि भेगांतून झिरपलेलं पाणी यांनी त्याला वाट करून दिली.

आणि धरण फुटण्याचं? १९६७ चा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता आणि अगदी धरणाच्या उशाशी झाला. कोयनानगर कोसळलं, सुमारे १८० माणसं मेली. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला आडवे तडे गेले, गळतीही झाली, पण ते उभं राहिलं. नंतर मागच्या अंगाला जादा काँक्रीट घालून ते मजबूत केलं गेलं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. शेवटी ‘११ जणांना पाठवा’ एवढं मात्र आहे.