दयाची थप्पड आणि रविवारचा खून

रविवारी रात्री सव्वाआठ ते पावणेदहा या वेळात जर्मनीत कुणाला फोन करू नये, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, शेजारणीने सांगितलं. त्या दीड तासात ‘ताटोर्ट’ असतं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सुरू झालेली ही पोलीसतपासाची मालिका आजही चालू आहे. वार तोच, वेळ तीच. नव्या भागाला अजूनही ऐंशी-नव्वद लाखांच्या घरात प्रेक्षक असतात. कोलोनमधल्या काही बारमध्ये ती पडद्यावर दाखवतात. खुनी कोण यावर टेबलाटेबलांवर पैजा लागतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणी बिअर मागितली तर वाढणारा मुलगाच हाताने ‘थांबा’ म्हणतो.

आता मीही त्यातलीच झाले आहे. शीर्षकदृश्य चुकलं तर भाग अर्धा हुकल्यासारखा वाटतो. दोन डोळे, त्यांच्यावर येणारं नेमबाजीचं वर्तुळ, ओल्या रस्त्यावरून पळणारे पाय. पन्नास वर्षांहून अधिक काळ जवळजवळ तेच. क्लाउस डोल्डिंगरच्या त्या संगीतात मुळात ड्रम वाजवणारा पोरगा उडो लिंडेनबर्ग होता, तोच पुढे जर्मन रॉकचा बडा गायक झाला. असली माहिती ऐकवून मी ऑफिसात बरंच कौतुक मिळवलं आहे.

या मालिकेची खरी मजा तिच्या मांडणीत आहे. एआरडी ही सार्वजनिक वाहिन्यांची संघटना. तिच्यातली प्रत्येक प्रादेशिक वाहिनी आपापल्या गावचे तपास अधिकारी उभे करते, आणि ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडही त्यात आहेत. एका रविवारी खून म्युनिकला, पुढच्या रविवारी हॅम्बुर्गला. आमच्या कोलोनची जोडी बालाउफ आणि शेंक, 1997 पासूनची. तपास संपला की हे दोघं ऱ्हाइनकाठी सॉसेजच्या टपरीवर उभे राहून बिअर पितात, मागे दोन मनोऱ्यांचं कॅथेड्रल. ती टपरी एरवी नदीच्या अलीकडे, जुन्या बंदराच्या भागात असते. चित्रीकरणासाठी ती पलीकडच्या काठावर नेत, कारण कॅथेड्रल चौकटीत नीट बसतं ते तिथूनच. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे इथेही सगळं खोटंच असतं.

हे सांगायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 2025 च्या एप्रिलमध्ये ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्नला बॉम्बस्फोटात मारलं तेव्हा तिथे जी जुंपली, ती आजही अधूनमधून पेटते. 1998 साली सुरू झालेली, 2018 मध्ये थांबलेली आणि 2024 च्या डिसेंबरात परत आलेली ही मालिका. शिवाजी साटमांना ‘एक शून्य शून्य’पासून पाहत आलेल्या माझ्या मावशीला तो मृत्यू घरातला वाटला. मामेभावाने मात्र लिहिलं, ‘सुटलो एकदाचे. जग कुठे गेलं आणि आपण अजून दरवाजे तोडतोय. ताई, तू सांग यांना, तिकडे कसल्या दर्जाच्या मालिका असतात.’

तर ताई सांगते: दर्जाबिर्जा राहू दे. ‘ताटोर्ट’चा सर्वांत लोकप्रिय अवतार म्युन्स्टर शहरातला. तिथे न्यायवैद्यकाचा गर्विष्ठ प्राध्यापक ब्योर्न हा इन्स्पेक्टर थीलचा घरमालकही आहे आणि शेजारीही. प्रेत टेबलावर असताना यांची भाडेकरू-मालक छापाची भांडणं चालतात. हा प्राध्यापक आणि आपले डॉक्टर साळुंखे एका प्रयोगशाळेत ठेवले तर दोघांचं झकास जमेल. 2017 च्या एप्रिलमध्ये या जोडीचा एक भाग एक कोटी पंचेचाळीस लाखांवर लोकांनी पाहिला. तेव्हा ‘सीआयडी’ बालिश आहे म्हणून आपण मागासलेले, हे मला मान्य नाही. दमून आलेल्या माणसाला रात्री ठरलेल्या वेळी ठरलेला चेहरा दिसावा, त्याने हवेत बोटं फिरवावीत आणि पाऊण तासात खुनी सापडावा, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

फरक मला दिसतो तो थपडेत.

दया एक ठेवून देतो आणि समोरचा घडाघडा बोलायला लागतो. मग फाशीचं आश्वासन मिळतं आणि भाग संपतो. आम्ही भावंडं लहानपणी त्या थपडेची वाट बघत बसायचो, आजही ती पाहून मला समाधान मिळतं, उगाच का नाकारू? इथे मात्र संशयिताने ‘वकिलाला बोलवा’ म्हटलं की बालाउफचा चेहरा पडतो, आणि शेजारीण सोफ्यावरून म्हणते, ‘बरोबर आहे त्याचं.’ ती पोलिसांच्याच बाजूची असते, तरीही.

घरी यावर आणखी एक वाद असतो. माझ्या एका मैत्रिणीचं, ती पुण्यात शिकवते, ठाम मत आहे की असल्या मालिकांनीच लोकांना एन्काउंटरला टाळ्या वाजवायला शिकवलं. 2019 च्या डिसेंबरात हैदराबादजवळ बलात्कार-खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक बनावट ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा म्हटलं. पण 2022 च्या मे महिन्यात तो अहवाल बाहेर आला तेव्हा फुलं उधळणारे कुठे होते, कोण जाणे. बदलापूरच्या आरोपीच्या वेळी पुन्हा तेच.

तरीही मैत्रिणीचं मला पटत नाही, आणि त्याला कारण इथलंच एक प्रकरण आहे. 2002 च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टमध्ये अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. खंडणी घेताना नजरेत आलेला कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला, पण मुलगा कुठे आहे ते सांगेना. शहर पोलिसांच्या उपप्रमुखाने हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगितलं, त्याला वेदना देण्याची धमकी द्या. धमकी दिली, तो बोलला, आणि मुलाचं प्रेत सापडलं. मुलगा आधीच गेलेला होता. उपप्रमुखाने हा आदेश स्वतःच फाइलमध्ये नोंदवून ठेवला होता. हात उचललाच गेला नाही, फक्त धमकी, तीही मूल वाचवायला. तरी त्याच्यावर खटला झाला आणि 2004 च्या डिसेंबरात तो दोषी ठरला. दंड ठोठावून तोही राखून ठेवला, म्हणजे शिक्षा जवळजवळ नावापुरती. पण दोषी तो दोषीच.

सामान्य जर्मन माणूस तेव्हा कुणाच्या बाजूने होता? बराचसा उपप्रमुखाच्या. शेजारणीला आजही विचारलं तर ती क्षणभर गप्प होते आणि म्हणते, ‘माझा मुलगा असता तर...’ पुढचं बोलत नाही. ‘ताटोर्ट’वर वाढलेल्या माणसांच्याही मनात ती थप्पड आहेच. दूरचित्रवाणीने ती पेरलेली नाही आणि चांगल्या मालिका दाखवून ती उपटलीही जाणार नाही.

मग टपरीवर गप्प उभ्या राहिलेल्या त्या दोघांचा शेवट इथल्या प्रेक्षकाला पुरतो कसा? माझ्या मते याचं उत्तर मालिकेत नाही, तारखांत आहे. त्या विद्यार्थ्याला अटक झाली सप्टेंबरच्या शेवटी. धमकीखाली दिलेला जबाब न्यायालयाने बाजूला ठेवला, त्याने न्यायालयात पुन्हा कबुली दिली, आणि पुढच्या जुलैत जन्मठेप झाली. दहा महिने. पुण्यात डॉक्टर दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या 20 ऑगस्ट 2013 रोजी, आणि निकाल लागला 10 मे 2024 ला. पावणेअकरा वर्षं, त्यातही पाचांपैकी तिघे निर्दोष सुटले. ज्याला निकाल दहा महिन्यांत येणार हे ठाऊक आहे तो अटकेपाशी टीव्ही बंद करू शकतो. ज्याला अकरा वर्षांचा अंदाज आहे त्याला निकालही त्याच भागात लागतो, आणि तो दयाच्या तळहातातून येतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा मामेभावाने विचारलं, ‘म्हणजे थप्पड बरोबर?’ नाही रे बाबा. पोलीस ठाण्यातली थप्पड कुठेही चूकच. पण ती थांबवायला निघालेल्यांनी सोनी वाहिनीच्या मागे लागू नये, जिल्हा न्यायालयातल्या रिकाम्या खुर्च्यांच्या मागे लागावं. प्रद्युम्नसाठी लोकांनी एवढा ओरडा केला की काही आठवड्यांत साटम मालिकेत परत आले. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी तसा ओरडा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि आमच्या ग्रुपवरही तो विषय दोन मेसेजच्या पुढे गेला नाही. मावशीने लगेच विचारलं, अभिजीत आणि दयाचं भांडण मिटलं का.